छोट्या टेक कंपन्यांचे शेअर घेताय? मग या चुका टाळा

या शेअर्समध्ये पैसे अडकलेल्या लोकांशी बोललं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "अरे पण टेक्नॉलॉजी तर खरी होती ना!" आणि खरंच असते. २००० साली ज्यांनी इंटरनेटवर भरवसा ठेवला ते इंटरनेटबद्दल अजिबात चुकले नव्हते, तरी नॅसडॅक कंपोझिट हा अमेरिकेतला टेक शेअर्सचा भरणा असलेला निर्देशांक मार्च २००० मध्ये ५०४८ वर होता तो ऑक्टोबर २००२ मध्ये १११४ वर आला, म्हणजे ७८ टक्के साफ, आणि जुनी पातळी परत दिसायला २०१५ उजाडलं. पाळीव प्राण्यांचं सामान ऑनलाइन विकणारी पेट्स डॉट कॉम फेब्रुवारी २००० मध्ये लिस्ट झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने गाशा गुंडाळला. आज पाळीव प्राण्यांचं खाणं लोक सर्रास ऑनलाइन मागवतात, म्हणजे कल्पना बरोबरच होती. टेक्नॉलॉजी ओळखणं हे एक काम आणि त्यातून आपल्या हातातल्या शेअरला काही मिळणं हे पूर्ण वेगळं काम, आणि आपण पहिल्यावर तीन महिने व्हिडिओ बघत घालवतो नि दुसऱ्यावर दहा मिनिटं पण देत नाही. खालच्या बहुतेक चुका त्या दुसऱ्या कामातल्याच आहेत.

भाव कमी म्हणजे शेअर स्वस्त, असं समजणं

हे पटकन उरकतो. शेअर ४ ला मिळतोय आणि दुसरा ४०० ला, यावरून स्वस्त-महाग काहीच कळत नाही. भाव गुणिले एकूण शेअर म्हणजे कंपनीची बाजारातली किंमत, तेवढीच बघायची. आणि एकूण शेअर मोजताना फक्त आजचे मोजू नका, कर्मचाऱ्यांना दिलेले ऑप्शन, वॉरंट (दोन्ही म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे नवीन शेअर घ्यायचा हक्क), पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज, हे सगळं धरून जो आकडा येतो तो खरा. छोट्या टेक कंपन्यांत या दोन आकड्यांमध्ये कधीकधी दीडपट फरक सापडतो.

कंपनीकडे किती महिन्यांची कॅश आहे हे न बघणं

माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माझ्याकडे सेन्सर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे शेअर होते. प्रॉडक्ट चांगलं, फाउंडरचे इंटरव्ह्यू ऐकलेले, सगळं पटलेलं. एक दिवस मोठ्या ग्राहकाशी करार झाल्याची बातमी आली, शेअर दिवसभरात ४० टक्क्यांच्या आसपास वर गेला आणि मी त्या तेजीत आणखी घेतले. बाजार बंद झाल्यावर तासाभरात दुसरी नोटीस, कंपनी नवीन शेअर विकून पैसे उभे करतेय, तेही बंद भावापेक्षा बऱ्याच खालच्या भावाने, आणि वर प्रत्येक शेअरसोबत एक वॉरंट. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर जिथून उसळला होता त्याच्याही खाली उघडला. मी दोन दिवस चिडलो होतो, पण नंतर शांतपणे तिमाही अहवाल उघडला तर त्यात सरळ लिहिलेलं, की हातातली रोकड पुढचे बारा महिने पुरेल याची खात्री देता येत नाही. ते पान सहा आठवडे आधीपासून सगळ्यांसाठी खुलं होतं.

हिशोब अवघड नाहीये. कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये ऑपरेशन्समधून तिमाहीला किती पैसे बाहेर जातात ते बघायचं, समजा ४ कोटी, आणि बँकेत आहेत १२ कोटी, म्हणजे तीन तिमाह्या. पण कंपनी तीन तिमाह्या संपेपर्यंत थांबणार नाही, खडखडाट व्हायच्या आत, शेअर जरा वर दिसला की पैसे उचलणार, कारण तिच्या बाजूने तेच शहाणपणाचं आहे. त्यामुळे कॅश वर्षापेक्षा कमी उरली असेल तर चांगली बातमी आल्यावर लगेच उड्या मारायच्या नाहीत, ती बातमी बरेचदा नवीन शेअर विकण्याची वेळ असते.

आणि डायल्युशनचा, म्हणजे नवीन शेअर निघून आपला वाटा पातळ होण्याचा, फटका किती, तो कागदावर मांडून बघा. ३ कोटी शेअर, भाव ५०, कंपनीची किंमत १५० कोटी. दोन वर्षांत शेअर ५ कोटी झाले, कंपनीची किंमत मात्र तेवढीच १५० कोटी राहिली, तर भाव ३०. कंपनी छोटी झाली नाही, तुमचे मात्र ४० टक्के गेले. म्हणून मी आता कुठल्याही कंपनीचा पहिला आकडा हाच काढतो, गेल्या तीन-चार वर्षांत एकूण शेअर किती वाढले, विक्री नंतर बघतो.

यातलाच सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे असं कर्ज, की जे शेअरमध्ये बदलताना भाव त्या दिवसाच्या बाजारभावावरून ठरतो. भाव जेवढा पडेल तेवढे जास्त शेअर कर्ज देणाऱ्याला मिळतात, तो ते विकतो, भाव आणखी पडतो, मग पुढच्या हप्त्याला आणखी शेअर. अशी अट नोट्समध्ये दिसली की मी ती कंपनी तिथेच सोडतो, टेक्नॉलॉजी कितीही भारी असू दे.

नावावर आणि टिकरवर (शेअरच्या छोट्या कोडवर) भुलणं

हे वाचून वाटेल की एवढी साधी चूक कोण करेल, पण हजारो लोकांनी केलीये. जानेवारी २०२१ मध्ये इलॉन मस्कने "सिग्नल वापरा" असं ट्विट केलं, त्याला म्हणायचं होतं मेसेजिंग ॲप, जे एक ना-नफा संस्था चालवते आणि ज्याचे शेअर बाजारात नाहीतच. लोकांनी सिग्नल ॲडव्हान्स नावाची, ज्याचा त्या ॲपशी काडीचा संबंध नाही अशी छोटीशी कंपनी विकत घेतली, आणि ६० सेंटच्या आसपासचा शेअर काही दिवसांत ३८ डॉलरच्या वर. त्याच्या आदल्या वर्षी झूम व्हिडिओ कॉलवाल्या कंपनीऐवजी झूम टेक्नॉलॉजीज नावाची दुसरीच कंपनी लोक घेत सुटले होते, शेवटी मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, तिचं ट्रेडिंग काही दिवस बंदच केलं. ऑर्डर टाकायच्या आधी कंपनीचं पूर्ण नाव आणि ती नेमकं काय विकते हे एकदा वाचायला अर्धा मिनिट लागतो.

दुसरा प्रकार नाव बदलायचा. लाँग आयलंड आइस्ड टी ही थंड चहा विकणारी कंपनी, डिसेंबर २०१७ मध्ये तिने लाँग ब्लॉकचेन असं नाव घेतलं आणि शेअर एका दिवसात जवळजवळ तिप्पट झाला, २०१८ मध्ये नॅसडॅक शेअर बाजाराने तिला यादीतून बाहेर काढलं. डॉट-कॉमच्या वेळी हेच नावापुढे डॉट कॉम लावून झालं होतं, हल्ली एआय लावून होतं. एखादी कंपनी आधी दुसराच काहीतरी धंदा करत होती आणि आता अचानक गरम विषयात आलीये असं दिसलं तर एकच शोधायचं, ते काम करणारी माणसं त्यांनी कधी घेतली आणि संशोधनावरचा खर्च खरंच वाढलाय का. खर्चाच्या कॉलममध्ये काही हललं नसेल तर बदललंय ते फक्त लेटरहेड.

प्रेस रिलीज म्हणजे विक्री असं धरून चालणं

सामंजस्य करार, पायलट प्रोजेक्ट, "अमुक कोटीपर्यंतचा" करार, या शब्दांत ग्राहकावर पैसे द्यायचं बंधन कुठे आहे ते शोधा. "पर्यंत" म्हटलं की शून्य पण त्यात बसतं. करार खरा असेल तर दोन-तीन तिमाह्यांत तो विक्रीच्या आकड्यात उतरायला पाहिजे, आणि विक्रीतून बँकेत उतरायला पाहिजे. इथे एक खूण लक्षात ठेवा: विक्री ३० टक्के वाढली आणि ग्राहकांकडून येणं बाकी असलेली रक्कम दुप्पट झाली, तर माल उधारीवर ढकलला जातोय की काय अशी शंका घ्यायलाच हवी. टेक कंपन्यांत अजून एक गोष्ट असते, सॉफ्टवेअर बनवायला लागलेला पगार खर्चात न दाखवता मालमत्तेत धरायचा. नियमात बसतं हे, पण त्यामुळे नफा दिसतो आणि कॅश मात्र जातच असते, म्हणून नफ्याच्या आकड्याशेजारी कॅश फ्लो ठेवून वाचायची सवय लावून घ्या. आणि ऑडिटर वर्षाच्या मधेच सोडून गेला असेल तर कारण काय दिलंय ते शोधल्याशिवाय एक पण शेअर घेऊ नका.

घेताना विकायचा विचार न करणं

मोठ्या कंपनीचा शेअर मनात आलं की विकता येतो, इथे तसं नाही. समोर घेणारा ९६ देतोय आणि विकणारा १०४ मागतोय, तर तुम्ही १०४ ला घेतल्याक्षणी पावणेआठ टक्के खाली आहात, कंपनीत काहीही न घडता. समजा तुमच्याकडे २०,००० शेअर आहेत आणि दिवसाला सगळे मिळून १५,००० चे व्यवहार होतात, भाव न पाडता तुम्ही त्यातले साधारण दहा टक्के म्हणजे १,५०० विकू शकता असं धरलं तरी पूर्ण बाहेर पडायला चौदा दिवस लागतात. वाईट बातमीच्या दिवशी चौदा दिवस कोण देणार तुम्हाला? त्यामुळे किती घ्यायचे हे ठरवताना खिशात किती आहे याच्या आधी रोजचा व्हॉल्यूम बघायचा.

मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने) तर इथे टाकूच नका, विशेषतः बाजार उघडतानाच्या पहिल्या काही मिनिटांत, लिमिट ऑर्डरच (आपण ठरवलेल्या भावाची) टाकायची, चार वेळा फुकट गेली तरी चालेल. स्टॉप-लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर) लावलाय म्हणून निवांत झोपणारे पण खूप आहेत. ८० ला स्टॉप-लॉस आहे आणि रात्री बातमी येऊन शेअर सकाळी थेट ५५ ला उघडला तर तुमची ऑर्डर ५५ च्या आसपास लागते, आणि लिमिटवाला स्टॉप असेल तर लागतच नाही. स्टॉप-लॉस म्हणजे ऑर्डर आहे, त्या भावाची हमी नाही. खरी मर्यादा एकच, या एका शेअरमध्ये एवढेच पैसे की ते शून्य झाले तरी घरातलं काही अडणार नाही. आणि उधार घेऊन किंवा मार्जिनवर (ब्रोकरच्या पैशावर) तर अजिबात नको, हे मी हात जोडून सांगतो.

पडला की ॲव्हरेज करत, म्हणजे खालच्या भावाला आणखी घेत राहणं

५० टक्के पडलेल्या शेअरला मूळ जागी यायला १०० टक्के वाढावं लागतं, ८० टक्के पडलेल्याला ४०० टक्के आणि ९० टक्के पडलेल्याला ९०० टक्के. हा हिशोब सगळ्यांना माहिती असतो, तरी कोणीतरी ॲमेझॉनचं उदाहरण देतं, की बघा १९९९ च्या शेवटी शंभर डॉलरच्या वर होता तो २००१ मध्ये सहाच्या खाली आला होता, ज्यांनी धरून ठेवला ते कुठच्या कुठे गेले. खरं आहे ते. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत. हेंड्रिक बेसेमबाइंडर या अभ्यासकाने १९२६ ते २०१६ पर्यंतचे अमेरिकेतले सगळे शेअर तपासले, तर ट्रेझरी बिलांपेक्षा (सरकारचे कमी मुदतीचे, जवळजवळ बिनधोक रोखे) जास्त मिळालेली संपत्ती जवळजवळ सगळी चार टक्के कंपन्यांनी तयार केलेली निघाली, आणि निम्म्याहून जास्त शेअर्सनी आपल्या पूर्ण आयुष्यात ट्रेझरी बिलाएवढं पण दिलं नाही. हा सगळ्या शेअर्सचा आकडा आहे हां, फक्त छोट्या टेकचा नाही.

म्हणून ॲव्हरेज करायच्या आधी मी एका कागदावर पहिल्यांदा का घेतला होता ते लिहून ठेवलेलं काढून वाचतो. घेतानाच दोन-तीन ओळी लिहून ठेवायच्या, उदाहरणार्थ "पुढच्या मार्चपर्यंत दुसरा मोठा ग्राहक, शेअर्सची संख्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढणार नाही". मार्च गेला, ग्राहक आला नाही, शेअर वीस टक्के वाढले, तर कारणच संपलं, मग भाव अर्धा झालाय हे आणखी घेण्याचं कारण कसं होईल?

आधीच अडकला असाल तर

सगळ्यात आधी भाव बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी ताज्या अहवालातून काढा: कॅश किती महिन्यांची, शेअर किती वाढले, आणि आतल्या लोकांनी (संचालक, मोठे अधिकारी) विकलेत का. कॅश आहे, शेअर वाढले नाहीत आणि फक्त बाजाराचा मूड पडलाय म्हणून भाव पडला असेल तर घाईने विकायची गरज नसते. कॅश संपत आलीये आणि वरून गोड बातम्या येतायत, तर त्या बातमीच्या उसळीत, जेव्हा व्हॉल्यूम असतो, तेव्हा लिमिट लावून तुकड्या-तुकड्यात बाहेर पडा. "माझ्या भावाला आला की विकतो" असं ठरवून बसू नका, तुमचा भाव बाजाराला माहीत नाही. मी त्या सेन्सर कंपनीतून तीन आठवडे घेऊन असाच बाहेर पडलो, निम्म्याहून जास्त गमावून, आणि उरलेले तरी हातात आले.

ॲपमध्ये एका रात्रीत भाव दसपट आणि शेअर एक दशांश दिसले तर आनंदाने उड्या मारू नका, घाबरू पण नका, तो रिव्हर्स स्प्लिट असतो. १,००० शेअर २ च्या भावाने होते ते १०० शेअर २० च्या भावाने झाले, एकूण तेवढंच. काही ॲपमध्ये तुमची खरेदी किंमत अपडेट व्हायला दोन-चार दिवस लागतात, तोपर्यंत नफा-तोट्याचा आकडा चुकीचा दिसतो, त्यावरून काही विकू नका. बघायचं ते हे, की स्प्लिट कशासाठी केला. नॅसडॅकवर बाजार चालू असलेले सलग ३० दिवस भाव १ डॉलरच्या खाली राहिला की कंपनीला नोटीस येते आणि सुधारायला साधारण १८० दिवस मिळतात, त्यासाठी केलेला स्प्लिट असेल तर भाव वर दिसायला लागल्यावर नवीन शेअर विकायला कंपनी मोकळी होते. त्यामुळे स्प्लिटच्या नोटिशीसोबत किती शेअर काढायची परवानगी मागितलीये तो आकडा शोधा. आधी होते त्याच्या कितीतरी पट असेल, तर पुढच्या काही महिन्यांत काय येणार आहे ते कंपनीने तुम्हाला आजच लिहून दिलंय.