ज्येष्ठांच्या आरोग्याची माहिती आणि मदत शोधताना या चुका टाळा

घरातल्या ज्येष्ठांसाठी माहिती शोधणारा माणूस बहुधा घाईत असतो. नवीन गोळी सुरू झालेली असते, रिपोर्टमधल्या एखाद्या आकड्याची धास्ती घेतलेली असते, नाहीतर उद्या डिस्चार्ज आहे हे आज संध्याकाळी कळलेलं असतं. अशा वेळी फोनवर जो पहिला प्रश्न टाइप होतो तिथेच गोंधळ सुरू होतो, कारण प्रश्न आजाराबद्दल असतो, माणसाबद्दल नसतो. ‘गुडघेदुखीवर उपाय’ असं शोधलं की चाळिशीतल्या, बाकी धडधाकट माणसाला चालेल असं उत्तर मिळतं. ७८ वर्षांच्या, बीपीची गोळी घेणाऱ्या आणि किडनीचं काम थोडं मंदावलेल्या आजींना तेच उत्तर महागात पडू शकतं.

वय आणि चालू औषधं बाजूला ठेवून शोधणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. वय वाढतं तशी किडनीची औषध बाहेर टाकण्याची क्षमता बहुतेकांमध्ये कमी होते, त्यामुळे तोच डोस शरीरात जास्त वेळ रेंगाळतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामकं रक्तदाब वाढवू शकतात, पोटात रक्तस्राव घडवू शकतात आणि किडनीवर ताण आणतात. बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो. सर्दीच्या किंवा झोपेच्या काही औषधांमध्ये डायफेनहायड्रामिन असतं. तरुणाला त्याने नुसती गुंगी येते. ज्येष्ठांना मात्र भ्रम होणं, लघवी अडणं, बद्धकोष्ठता, तोल जाऊन पडणं असे त्रास होऊ शकतात.

उतारवयात जपून द्यायच्या अशा औषधांची यादी डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये मांडली. ‘बिअर्स निकष’ नावाने ती ओळखली जाते आणि अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या ज्येष्ठांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. घरातलं एखादं औषध त्या यादीत दिसलं म्हणून ते लगेच बंद करायचं नसतं. काही गोळ्या एकदम थांबवणं जास्त धोक्याचं असतं. ‘हे औषध यादीत आहे, यांच्यासाठी दुसरा पर्याय आहे का?’ असं डॉक्टरांना विचारण्यासाठी ती यादी वापरा. आणि शोधताना ब्रँडचं नाव न टाकता स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव टाका, सोबत वय आणि मोठे आजार लिहा. चॅटबॉटला विचारत असाल तरी हेच करा. त्याचं उत्तर कितीही ठाम वाटलं तरी त्यावरून डोस बदलू नका.

तारीख न बघणं

हृदयविकार टाळण्यासाठी रोज अॅस्पिरिन घ्यावी, हा सल्ला अनेक वर्षं सर्रास दिला जायचा. जुन्या लेखांतून तो अजूनही फिरतो. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९ हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या ‘अॅस्प्री’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ज्यांना आधी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नव्हता, त्यांना रोजच्या अॅस्पिरिनने धडधाकट आयुष्य जास्त मिळालं नाही, गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण मात्र वाढलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने, ६० किंवा त्याहून जास्त वयाच्या लोकांनी केवळ प्रतिबंध म्हणून अॅस्पिरिन नव्याने सुरू करू नये, अशी शिफारस केली. हार्ट अॅटॅक येऊन गेलेल्यांना किंवा स्टेंट बसवलेल्यांना हे लागू नाही, त्यांनी गोळी आपल्या मनाने सोडू नये. म्हणजे लेख कधी लिहिला आणि कोणत्या गटाबद्दल लिहिला, या दोन गोष्टींवर सल्ल्याचा अर्थ बदलतो. तारीख किंवा लेखकाचं नाव नसलेल्या पानावर वेळ घालवू नका.

डॉक्टरांसमोर अर्धीच यादी ठेवणं

‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारल्यावर ‘एक बीपीची आणि एक शुगरची’ असं उत्तर येतं. झोपेची गोळी, गुडघ्याचं मलम, जुलाबाचं चूर्ण, केसांसाठीचं सप्लिमेंट, डोळ्यांतले थेंब हे कुणी औषधांत धरतच नाही. त्याचे परिणाम मात्र खरे असतात. केस आणि नखांच्या सप्लिमेंटमध्ये असणारं बायोटिन जास्त प्रमाणात घेतलं तर रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. त्यात हृदयविकार ओळखण्यासाठीची ट्रोपोनिन तपासणीही येते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. पॅरासिटामॉलचंही तसंच. तापाच्या गोळीत ते असतं, सर्दीच्या गोळीतही असतं आणि कधीकधी अंगदुखीच्या गोळीतही. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर ती आणखी खाली येते.

यावर उपाय एकच. घरातलं सगळं, अगदी संपत आलेल्या ट्यूबसकट, एका पिशवीत भरा आणि ती पिशवीच डॉक्टरांच्या किंवा फार्मासिस्टच्या टेबलावर रिकामी करा. एकाच औषधाचे दोन ब्रँड चालू असतील तर तिथेच लक्षात येतं.

डिस्चार्जच्या कागदाकडेही नीट बघा. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज लागली तरच. घरी जाण्यापूर्वी नर्सला तीन गोष्टी विचारा: जुन्यातलं काय बंद केलं, काय नवीन दिलं, आणि नवीन गोळ्या किती दिवसांसाठी? नाहीतर जुना डबा आणि नवी पिशवी, दोन्ही सोबत चालू राहतात.

‘वयच झालंय आता’ म्हणून सोडून देणं

परवापर्यंत पेपर वाचणारे बाबा आज घरातल्यांना ओळखेनासे झाले, असंबद्ध बोलू लागले, दिवसभर झोपून राहू लागले, तर डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) लक्षणं शोधत बसू नका. डिमेन्शिया सहसा महिन्यांनी-वर्षांनी वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला असा बदल डिलिरियमचा, म्हणजे अचानक उद्भवणाऱ्या भ्रमाचा, असू शकतो. संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, नवीन औषध अशी त्याची कारणं असतात आणि बऱ्याचदा त्यांवर उपचार होतात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोबडं बोलणं यांपैकी काही अचानक झालं तर फोनवर काहीही शोधू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.

टक्केवारीला भुलणं

‘धोका ५० टक्क्यांनी कमी’ असं वाचलं की आधी विचारा, कितीवरून किती? शंभरातल्या दोघांऐवजी एकाला त्रास झाला तरी ते ५० टक्केच होतात. अशा दाव्यांची शहानिशा करायला कोक्रेन ही १९९३ पासून काम करणारी संस्था उपयोगी पडते. अनेक अभ्यास एकत्र तपासून ती साध्या भाषेत सारांश देते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं ‘मेडलाइनप्लस’ जाहिरातींशिवाय चालतं. ज्या पानावर सल्ला आणि ‘आताच मागवा’चं बटण शेजारी-शेजारी असतं, तिथला सल्ला मी तरी सोडून देते.

मदत शोधताना सेवेचं नाव आधी ठरवणं

‘आम्हाला केअरटेकर हवी’ असं म्हणत अनेक कुटुंबं सुरुवात करतात. आधी अडचण लिहून काढा. रात्री दोनदा बाथरूमला उठताना तोल जातो, गोळ्यांच्या वेळा चुकतात, दुपारभर बोलायला कुणी नसतं. या तीन अडचणींना तीन वेगळी उत्तरं आहेत. पहिलीसाठी फिजिओथेरपिस्ट, बाथरूममध्ये पकडायला दांडी आणि रात्रीचा दिवा. दुसरीसाठी वारांचे खण असलेला गोळ्यांचा डबा. तिसरीसाठी ज्येष्ठांचं डे केअर केंद्र किंवा भेटायला येणारं माणूस. चोवीस तासांचा केअरटेकर कदाचित लागणारही नाही.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये बहुधा वैद्यकीय समाजसेवक असतात. कोणत्या योजना, कोणती केंद्रं, कोणाकडे अर्ज करायचा हे त्यांना ठाऊक असतं आणि तरी त्यांच्यापर्यंत फार कमी नातेवाईक जातात. डिस्चार्जच्या दिवशी नको, अॅडमिट केल्यावर दुसऱ्या दिवशीच त्यांना भेटा. पॅलिएटिव्ह केअर हे नाव ऐकूनही घाबरू नका. वेदना, धाप, अस्वस्थता कमी करणारी ही सेवा मूळ उपचारांच्या जोडीने, गंभीर आजाराच्या सुरुवातीपासूनही घेता येते.

एजन्सीला फोन केलात तर दरांआधी हे विचारा: माणसाची ओळख आणि प्रशिक्षण कोणी तपासलं, सुट्टीच्या दिवशी कोण येईल, पडल्यास किंवा शुद्ध हरपल्यास तो काय करेल, तक्रार कोणाकडे करायची? उत्तरं गोलमोल आली तर पुढची एजन्सी बघा.

ज्यांच्यासाठी शोधतोय त्यांनाच न विचारणं

सगळी चर्चा मुलगा-सून आणि डॉक्टर यांच्यात होते आणि आजी शेजारी गप्प बसून असतात. त्यांना कमी ऐकू येत असेल तर त्या नुसती मान डोलावतात, आणि आपण त्याला होकार समजतो. समोर बसून, चेहरा दिसेल असं, सावकाश बोला. टीव्ही बंद करा. मग ‘समजलं का?’ असं न विचारता ‘ही गोळी कधी घ्यायची ते मला सांगा बरं’ असं विचारा. गोळ्यांचं वेळापत्रक मोठ्या, ठळक अक्षरांत लिहा.

केअरटेकर ठेवायचा असेल तर त्याची निवडही त्यांच्यासमोर करा आणि पहिले काही दिवस चाचणी म्हणून ठरवा. जमलं नाही तर नेमकं काय खटकलं ते त्यांच्याकडूनच ऐका. अंघोळीच्या वेळी परक्या माणसाचा संकोच वाटत असेल, तर तेवढं काम घरच्या कुणीतरी करायचं ठरवलं की बाकीची मदत त्या बहुतेक वेळा स्वीकारतात.