सोलापुरात जुने घर किंवा गुंठेवारी प्लॉट घेताना कागदपत्रे कशी वाचावीत

कागदपत्रे हाती आली की किमतीआधी त्यांवरील वर्ष पाहावे, कारण घर किंवा प्लॉट ज्या कायद्याच्या काळात झाला, त्या कायद्याच्या खुणा आणि उणिवा त्याच्या कागदांत उतरलेल्या असतात.

प्रथम मिळकत कोणत्या भागात आहे ते ठरवावे. पाच्छा पेठ, साखर पेठ अशा जुन्या गावठाणातील घरासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढावी. पत्रिकेवर मयत व्यक्तीचे नाव असेल आणि वारसनोंद झालेली नसेल, तर ती होईपर्यंत इसार देऊ नये. घर रिकामे दिसले तरी आतल्या खोलीतल्या भाडेकरूची चौकशी करावी; 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले आहे, त्यामुळे मालक बदलला म्हणून भाडेकरू हटत नाही.

खरी कसोटी 1992 च्या हद्दवाढीत महापालिकेत आलेल्या शेळगी, बाळे, मजरेवाडी या भागांत लागते. गिरणी, यंत्रमाग आणि विडी कारखान्यांतील कामगारांना गावठाणातील जागा परवडत नव्हती, तर 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतातील गुंठा-दोन गुंठ्यांची रीतसर खरेदी होत नव्हती; त्यातून नोटरीच्या कागदावर गुंठ्यांचे प्लॉट विकण्याची, म्हणजेच गुंठेवारीची, पद्धत रूढ झाली. असा कागद कितीही जुना असला, तरी नोंदणीकृत खरेदीखतावाचून मालकी मिळत नाही. म्हणून सातबारा, जमिनीच्या शेतीबाह्य वापराला परवानगी देणारा बिनशेती आदेश आणि 2001 च्या गुंठेवारी कायद्याखालील नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मागावे. 2021 च्या दुरुस्तीने या कायद्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. परंतु प्रमाणपत्राने बांधकाम नियमित होते, मालकी सिद्ध होत नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा, म्हणजे शहरातील जमीन बाळगण्यावर मर्यादा घालणाऱ्या कायद्याचा, शेरा दिसल्यास, तो कायदा महाराष्ट्रात 2007 मध्ये रद्द झाला असला तरी, वकिलाचा सल्ला घ्यावा. कर पावतीवर विसंबू नये, हे वेगळे सांगायला नकोच, तरी फसणारे बहुधा तिच्यावरच विसंबलेले असतात.

कुंभारीच्या विडी कामगार घरकुलांची गोष्ट निराळी. गोदूताई परुळेकर नगरातील 10,000 घरे आणि रे नगरची नियोजित 30,000 घरे, ज्यांपैकी 15,000 घरे 19 जानेवारी 2024 रोजी सुपूर्द झाली, ही कष्टकऱ्यांच्या मालकीसाठी उभी राहिली. तेथील घर विकत मिळते असे कोणी सांगितल्यास वाटपपत्रातील हस्तांतरणाच्या अटी वाचाव्यात आणि तेथील गृहनिर्माण संस्थेकडे लेखी विचारणा करावी.

नव्या फ्लॅटसाठी महारेरा क्रमांक (गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी) आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) पाहावे. यानंतर दुय्यम निबंधक कार्यालयात मिळकतीच्या निदान 30 वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्यावा, मगच खरेदीखत नोंदवावे, आणि पुढे सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आपले नाव लागल्याचा उतारा हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.