चोरलच्या जंगलवाटेवर ग्रॅव्हल सायकल चालवताना

इंदूरहून पहाटे निघून खंडवा रस्त्याने सिमरोल ओलांडले, की माळव्याचे पठार संपत येते आणि विंध्याच्या उतारावरील चोरलच्या सागाच्या जंगलात शिरणाऱ्या गाडीवाटा दिसू लागतात. या वाटांवर ग्रॅव्हल सायकल, म्हणजे रुंद टायरची आणि खाली वळलेल्या हँडलची कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल, चालवताना पायांतील जोरापेक्षा टायरमधील हवेचा अंदाज अधिक उपयोगी पडतो. म्हणून डांबर सुटताच थांबून हवा कमी करावी. सत्तर किलोंच्या आसपास वजन असणाऱ्याला ४० मिलिमीटर रुंदीच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय दाब पुरतो. आत ट्यूब असल्यास तो थोडा वाढवावा, कारण दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटली, की तिला शेजारीशेजारी दोन छिद्रे पडतात.

उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणात, कोपरे किंचित वाकलेली, पेडल समपातळीत आणि कंबर मागे असावी. वेग वळणाआधीच, घट्ट जमिनीवर कमी करावा. सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर चाक सहज घसरते. नजर आठ-दहा पावले पुढे ठेवावी. फाल्गुनात सागाची ताटाएवढी पाने वाटेवर पसरलेली असतात आणि एखादे पान मध्येच उचललेले दिसते. त्याखाली बहुधा मुठीएवढा काळा दगड असतो, तेव्हा अशा पानावरून चाक नेऊ नये. चढ लागण्यापूर्वीच हलका गियर घ्यावा आणि बसूनच पेडल मारावे, म्हणजे मागच्या चाकाची पकड सुटत नाही.

पावसानंतरच्या काळ्या मातीशी मात्र झुंजू नये. ती टायर आणि फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, यांच्यामध्ये थापली जाऊन काही फेऱ्यांतच चाक अडकते. एकदा मी तशाच स्थितीत जोर लावला, तेव्हा मागच्या गियरचा हँगर, म्हणजे गियर बदलणारा भाग सांगाड्याला जोडणारी छोटी पट्टी, तुटला आणि डांबरापर्यंत सायकल खांद्यावरून न्यावी लागली. तेव्हापासून मी सुटा हँगर जवळ बाळगतो, चिखल काडीने खरवडून काढतो आणि चांगले ऊन पडल्याशिवाय त्या वाटेला जात नाही.

दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा, वाट आणि परतण्याची वेळ घरी सांगावी, सोबती आणि किमान तीन लिटर पाणी घ्यावे. या जंगलात बिबट्यांचा वावर आहे. वनखात्याने बंद केलेल्या वाटेवर जाऊ नये आणि सूर्य कलण्याआधी पक्क्या रस्त्याला लागावे. तेथे पुन्हा हवा भरून मगच घाट चढावा.