शाळेच्या मैदानातला नवा डिस्क गोल्फ कोर्स: पहिली फेरी कशी खेळाल

डिस्क गोल्फमध्ये टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, प्लॅस्टिकची चपटी डिस्क फेकत साखळ्या लावलेल्या बास्केटपर्यंत कमीत कमी फेकींत पोचायचं असतं. अशा एका टप्प्याला होल म्हणतात. पहिली डिस्क फेकण्याआधी अख्खा कोर्स पायी फिरून घ्या. कोर्स नवा असला की फलकावरचा नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. बास्केट हलवलेली असते, पुढच्या टीकडे नेणारा बाण अजून लागलेला नसतो. नऊ होल फिरायला साधारण अर्धा तास पुरतो. चालताना टीपासून बास्केटपर्यंत पावलं मोजा. पाऊल 75 सेंटिमीटरचं धरलं, तर 80 पावलं म्हणजे 60 मीटर. हद्द कुठे आहे, टीवरून कोणती बास्केट दिसत नाही आणि चुकलेली डिस्क कुठे जाईल, एवढं टिपून ठेवा. यातली शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण शाळेच्या आवारात चुकलेल्या डिस्कच्या वाटेत वर्गाच्या खिडक्या, घसरगुंडी आणि सायकली येतात.

शाळा भरलेली असताना खेळायचंच नाही. सुटल्यावरही फेकीच्या टप्प्यात कुणी असेल, तर तो बाजूला होईपर्यंत थांबा. 170 ग्रॅमची कडक प्लॅस्टिकची डिस्क डोक्याला लागली, तर चांगलीच जखम होते. डिस्क माणसांकडे वळली की लगेच मोठ्याने ‘फोर!’ ओरडा. इमारतीच्या कोपऱ्याआडच्या होलवर एकाने पुढे, फेकीच्या रेषेबाहेर उभं राहून हाताने खूण करावी. खूण मिळाल्याशिवाय टीवरून फेकू नका.

डिस्क दोनच घ्या, एक पटर (जवळच्या फेकीसाठी) आणि एक मिडरेंज (मध्यम अंतरासाठी). डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात: स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगणं), टर्न (सुरुवातीचं वळण) आणि फेड (शेवटचं वळण). पहिला आकडा 5 किंवा त्याहून कमी असू द्या. स्पीड 12 च्या ड्रायव्हरला, म्हणजे लांब फेकीच्या डिस्कला, नीट उडायला हाताचा तेवढा वेग लागतो. तो मिळाला नाही, तर उजव्या हाताच्या बॅकहँडने (हात छातीसमोरून मागे नेऊन) फेकलेला ड्रायव्हर लगेच डावीकडे वळतो आणि खाली येतो. शाळेच्या आवारात होल सहसा आखूडच असतात, तिथे जोरापेक्षा सरळपणा कामाचा.

बॅकहँडसाठी अंगठा डिस्कच्या वरच्या पृष्ठभागावर, तर्जनी कडेला लागून आणि बाकीची बोटं खाली ठेवा. टीची जागा नवी असेल, तर माती सुटी असते आणि धावत आलात की पुढचा पाय घसरतो. म्हणून उभ्यानेच फेका. खांदा लक्ष्याकडे करा, डिस्क छातीच्या उंचीवर सरळ रेषेत मागे न्या, आधी कंबर वळू द्या आणि मग हात ओढा. नवख्यांची डिस्क बहुतेक वेळा वर चढते, हवेत थबकते आणि डावीकडे कोसळते. याचं कारण म्हणजे पुढची कड वर उचललेली असते. हातोडी मारताना मनगट जसं खाली झुकतं, तसं ते फेकताना ठेवा. ती कड खाली येते. डिस्क हातातून सुटतानाच थरथरत असेल, तर पकड सैल आहे किंवा हात सरळ रेषेत येत नाही. आणखी जोर लावून ती थरथर थांबत नाही.

वारा समोरून असेल, तर उजव्या हाताच्या बॅकहँडने फेकलेली डिस्क उजवीकडे जास्त वळते. मागून असेल, तर लवकर खाली येते. इमारतीच्या कोपऱ्यावर वारा गरगरतो, तिथे डिस्क खालून आणि हळू न्या. डांबरी किंवा काँक्रीटच्या पटांगणावर वेगाने टेकलेली डिस्क घसरत डावीकडे जाते आणि पार कुंपणाखालून बाहेर निघते. अशा होलवर उतरायची जागा गवतावरच निवडा.

बास्केटपासून 10 मीटरच्या आत आलात की पटिंगचा (बास्केटमध्ये टाकायच्या फेकीचा) नियम लागू होतो: फेकल्यावर तोल सावरेपर्यंत, डिस्क थांबली होती त्या जागेच्या खुणेपुढे पाऊल टाकायचं नाही. संपूर्ण बास्केटकडे पाहू नका, साखळीची एकच कडी नजरेत पकडा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने खांबाच्या किंचित उजवीकडची कडी निवडावी, कारण डिस्क शेवटी डावीकडे सरकते. डिस्क साखळ्यांत किंवा खालच्या ताटात राहिली की होल पूर्ण. बास्केटच्या माथ्यावर जाऊन बसली, तर ती धरत नाहीत. खांबाचं काँक्रीट ताजं असेल, तर बास्केटला टेकू नका आणि डिस्क काढताना साखळ्या ओढू नका. खांब एकदा कलला की तो सरळ करणं जिकिरीचं असतं.

डिस्क थांबली की तिच्या पुढे, बास्केटच्या बाजूला, छोटा मार्कर (जागेची खूण करणारी चकती) तिला टेकवून ठेवा आणि मगच ती उचला. पुढच्या फेकीच्या वेळी मार्करच्या मागच्या 20 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब पट्ट्यात एक पाय टेकलेला हवा. बास्केटपासून सर्वांत लांब असलेला आधी फेकतो. पूर्णपणे हद्दीबाहेर थांबलेल्या डिस्कला एक दंडाची फेक मोजतात. ती जिथे शेवटची हद्दीत होती तिथून, रेषेपासून 1 मीटरपर्यंत आत घेऊन खेळता येतं. डिस्कचा थोडासा भाग जरी रेषेच्या आत असेल, तरी ती हद्दीतच धरतात. हरवलेली डिस्क 3 मिनिटं शोधायची. नाही सापडली, तर तिलाही एक दंडाची फेक.

डिस्कच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. ती छपरावर अडकली, तर भिंत चढू नका आणि दगड मारून पाडू नका. शाळेतल्या कर्मचाऱ्याला जागा दाखवा. शिडी लावून ती पुढे कधीतरी काढली, की नंबर पाहून तुमच्यापर्यंत पोचेल.