पोस्टिंग बदललं की व्यायाम का सुटतो? एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या खोलीत सामान लावून झालं, त्याच रात्री मी वहीच्या शेवटच्या पानावर व्यायामाचं वेळापत्रक लिहिलं. साडेपाचला उठायचं, पावणेसहा ते पावणेसात धावायचं, आठवड्यातून सहा दिवस. ते तीन आठवडे चाललं. मग शरीररचनाशास्त्राची पहिली परीक्षा आली आणि जे थांबलं ते थांबलंच. पुढच्या साडेचार वर्षांत अशा नव्या सुरुवाती मी बऱ्याचदा केल्या. व्यायाम खऱ्या अर्थाने टिकला तो मात्र इंटर्नशिपच्या वर्षात, म्हणजे हातात वेळ सगळ्यात कमी होता तेव्हा. चवथीला (गणेश चतुर्थीला) गोव्यात डिचोलीला घरी गेले की आता मेडिकलला लागलेली गावातली मुलं विचारतात, "ताई, वेळ काढलास कुठून?" वेळ वाढला नव्हताच. मी आखणी करत होते तीच चुकीच्या आठवड्याची होती.

पहिली चूक: सगळे आठवडे सारखे धरून आखणी करणं

बहुतेकांचा व्यायाम इथेच सुटतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

नोकरदार माणसाचा सोमवार पुढच्या सोमवारसारखा असतो. आपला नसतो. पहिल्या वर्षी दिवस थोडाफार एका साच्यातला असतो: सकाळी लेक्चर, मग डिसेक्शन (शवविच्छेदन), दुपारी प्रॅक्टिकल. दुसऱ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे एकेका विभागात काही आठवडे रुग्णांजवळ शिकणं, सुरू झाली की दर काही आठवड्यांनी दिवसाचा आकारच बदलतो. मेडिसिनला राउंड लांबतात. सर्जरीला ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दिवशी कधी सुटणार ते कुणीच सांगू शकत नाही. प्रसूती विभागात लेबर रूमची ड्यूटी लागते. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीच्या (तातडीच्या विभागाच्या) रात्री असतात. अशा वेळी 'रोज सकाळी पावणेसहा' हा नियम पहिल्या नाइटलाच मोडतो, आणि नियम एकदा मोडला की आपण पूर्ण व्यायामच सोडून देतो.

मला उपयोगी पडलं ते असं: आखणी महिन्याची किंवा वर्षाची न करता एकेका पोस्टिंगची करायची. नवी यादी लागली की त्याच दिवशी पाच मिनिटं बसून बघायचं, या पोस्टिंगमध्ये रोज न चुकता होणारी गोष्ट कोणती? वॉर्डातून परत येणं, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, आंघोळ, यांतलं काहीतरी ठरलेलं असतंच. व्यायाम घड्याळाला बांधण्यापेक्षा त्या गोष्टीला बांधायचा. 'साडेपाचला' म्हणण्याऐवजी 'वॉर्डातून खोलीवर आल्यावर, पलंगावर बसायच्या आधी' असं ठरवायचं. पलंगावर बसायच्या आधी, हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकदा पाठ टेकली की तासभर उठणं होत नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक पोस्टिंगसाठी व्यायामाची दोन मापं ठेवायची, एक मोठं आणि एक छोटं. माझं मोठं माप चाळीस मिनिटांचं होतं: धावणं, किंवा ताकदीचे व्यायाम. छोटं बारा मिनिटांचं: बैठका, जोर (पूर्ण जमत नसतील तर टेबलाच्या कडेला हात टेकून), प्लँक आणि शरीररचनेची जाडजूड पुस्तकं भरलेली सॅक दोन्ही हातांनी पोटाकडे ओढणं. हा शेवटचा प्रकार मुद्दाम सांगते, कारण डिसेक्शन टेबलावर आणि पुस्तकावर वाकून वाकून आपले खांदे पुढे येतात आणि पाठीला ओढण्याचं काम कधी मिळतच नाही. मोठं माप जमेल त्या दिवशी मोठं, नाहीतर छोटं. छोटं केलं तरी तो दिवस पूर्ण मोजायचा.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आपण पीएसएममध्ये (सामाजिक आरोग्याच्या विषयात) पाठ करतो: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. त्याच शिफारशीत एक बदल होता, तो परीक्षेत सहसा कुणी विचारत नाही. व्यायामाचा तुकडा निदान दहा मिनिटांचा असला तरच धरायचा, ही जुनी अट २०२०मध्ये काढून टाकली. म्हणजे चार मिनिटं जिना चढलात तर तीही जमेत धरायची. विद्यार्थ्यासाठी ही फार मोठी मोकळीक आहे. २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं अ‍ॅथलेटिक्स जिथे झालं ते स्टेडियम आमच्या मेडिकल कॉलेजच्या बांबोळीतच आहे, पण माझा व्यायाम टिकवला तो जिन्याने.

दुसरी चूक: "दिवसभर पायांवरच असतो, आणखी काय करायचं?"

हे वाक्य मीही म्हणायचे. संध्याकाळी पाय खरंच भरून येतात. पण राउंडमध्ये आपण चालतो किती आणि उभे किती राहतो ते एकदा बघा. एका खाटेपाशी वीस मिनिटं, मग चार पावलं, मग पुढची खाट. यात पाय थकतात, पण नाडी फारशी वाढत नाही, म्हणून हृदय आणि फुप्फुसांना जो ताण हवा तो मिळत नाही. पारख सोपी आहे. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला तर व्यायाम मध्यम. दोन-चार शब्दांपुढे बोलताच येत नसेल तर जोरकस. केस प्रेझेंट करताना दम लागत असेल तर त्याचं कारण वेगळं असतं.

तरीही वॉर्डाचा दिवस वाया जाऊ देऊ नका. लिफ्टसाठी थांबण्यापेक्षा जिना घ्या, तोही झपाझप. कॅन्टीनला जाताना वाट थोडी लांबची धरा. आणि उभं राहून आखडलेल्या पायांना झोपायच्या आधी पोटऱ्यांचा ताण द्या.

तिसरी चूक: झोपेतला तास कापून व्यायामाला देणं

रात्री दीडला झोपून पाचला धावायला उठणारी मुलं प्रत्येक बॅचमध्ये असतात आणि सगळे त्यांचं कौतुक करतात. मी करणार नाही. साडेतीन तासांच्या झोपेवर स्नायू भरून येत नाहीत, पाठ केलेलं डोक्यात राहत नाही आणि पाऊल चुकीचं पडतं. झोप सात तासांच्या खाली जात असेल तर त्या दिवशी छोटं माप करा आणि झोपा.

नाइट ड्यूटीनंतरचा दिवस तर वेगळाच धरायला हवा. सकाळी सुटल्यावर 'आता जागीच आहे तर जिमला जाऊन येते' असं एकदा मी केलं. वजन उचलताना कमरेत असा काही चमका आला की पुढचे दहा दिवस वाकता येत नव्हतं. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी खाणं, मग झोप, दुपारी उठल्यावर ऊन उतरलं की वीस मिनिटं चालणं. त्या दिवशी याहून जास्त काही नाही. आणि नाइटनंतर दुचाकीने घरी जायचा मोह आवरा. हे व्यायामाबद्दल नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

संध्याकाळी उशिरा जिमला जाणाऱ्यांनी व्यायामाआधी घेतल्या जाणाऱ्या पावडरींवर कॅफीन किती लिहिलंय ते वाचावं. कॅफीनचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) साधारण पाच तासांचं असतं, हे आपण औषधशास्त्रात शिकतो आणि रात्री आठला तीच पावडर पाण्यात ढवळतो.

चौथी चूक: गोव्याची हवा हिशेबात न धरणं

इंटरनेटवरचे धावण्याचे कार्यक्रम थंड, कोरड्या देशांतले असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाच अंग चिकट होतं. हवेत दमटपणा असला की घाम गळतो पण सुकत नाही. अंग थंड होतं ते घाम सुकल्यामुळे, गळल्यामुळे नव्हे. त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, त्यामुळे त्याच वेगाला नाडी वाढते. जानेवारीत सहज जमलेलं अंतर मेमध्ये जमेनासं झालं म्हणजे तुमचा दम कमी झाला असं नाही. तेव्हा वेग सोडा, श्रम तेवढेच ठेवा. नव्या उन्हाळ्याशी जुळायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. बाहेरगावाहून आलेल्या मुलांना तर नक्कीच. पाण्याबरोबर मीठही जातं हे लक्षात ठेवा. लांब धावून आल्यावर चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत मला तरी कुठल्याही रंगीत बाटलीपेक्षा बरं वाटतं.

पावसाळ्यासाठी घरातली योजना मेअखेरीसच तयार हवी. पहिला जोराचा पाऊस आल्यावर विचार करू लागलात तर थेट दिवाळीलाच सुरुवात होते. जिन्याचे चार मजले, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, एवढ्याने चार महिने निघतात. सूर्यनमस्कार हळू घातले तर ताण मिळतो, सलग वेगाने घातले तर चांगला दम लागतो. शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर धावू नका. पायाला खरचटलेलं असताना साचलेल्या पाण्यातून तर मुळीच नाही. लेप्टोस्पायरोसिसचे (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचे) रुग्ण वॉर्डात कोणत्या महिन्यांत येतात ते आपल्यालाच ठाऊक असतं.

उजेडाचाही हिशेब करा. जानेवारीत इथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. साडेपाचला हायवेच्या कडेने धावणं म्हणजे काळोखात गाड्यांच्या बाजूने धावणं. मुलींनी, आणि मुलांनीही, एकट्याने काळोखात धावायचं टाळावं. दोघी-तिघी मिळून ताळगाव पठाराच्या बाजूने, उजाडल्यावर गेलेलं बरं. सोबतीचा आणखी एक फायदा होतो: मैत्रीण खाली वाट बघत असेल तर पाय आपोआप बुटात जातात.

पाचवी चूक: परीक्षेच्या महिन्यात पूर्णविराम

'परीक्षा झाली की परत सुरू करते' म्हणणाऱ्यांना माहीत असतं की परीक्षेनंतर घर असतं, घरी शीत-कडी (भात-आमटी) असते आणि दुपारची झोप असते. पण शरीराचा एक नियम आपल्या बाजूने आहे. ताकद कमवायला जेवढी मेहनत लागते, त्याच्या थोड्याशा भागावर ती पुष्कळ आठवडे टिकवता येते. वजन किंवा व्यायामाची अवघड पातळी कमी करू नका. फेऱ्या आणि दिवस कमी करा. आठवड्यातून तीनऐवजी एकदा, तीन फेऱ्यांऐवजी एक. दम मात्र लवकर उतरतो, दोन-चार आठवड्यांत फरक कळतो. म्हणून दोन विषयांच्या मध्ये पाच मिनिटं वेगाने जिना चढून या. माझ्यापुरतं सांगते, तसं केल्यावर पुढचं पान तीनदा वाचावं लागत नव्हतं.

सहावी चूक: सगळं रविवारी उरकणं

आठवडाभर काही नाही आणि रविवारी मिरामारच्या वाळूत दहा किलोमीटर. मग मंगळवारी वॉर्डाच्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं लागतं. असं दुखणं एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि आपोआप जातं. पण स्नायू खूप सुजले, दुखणं सहन होईना आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, तर वाट बघू नका, त्याच वेळी कॅज्युअल्टीत जा. रॅब्डोमायोलिसिस (अतिश्रमाने स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरणं) फक्त पुस्तकात होत नाही. मोठ्या खंडानंतर एकदम दोनशे बैठका काढणाऱ्या तरुणांनाही होतो.

जिमची वर्षाची फी एकदम भरण्याबद्दल एवढंच: आधी महिन्याची भरा. जिम हॉस्टेल आणि कॉलेजच्या वाटेवर नसेल तर महिन्याचीही भरू नका.

अडलं तर

*नडगी दुखते.* आतल्या कडेने लांबट पट्टीभर दुखत असेल तर अंतर निम्म्यावर आणा, डांबरी उतार टाळा, बूट बघा. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, उडी मारल्यावर कळ येत असेल, तर धावणं बंद करा आणि ऑर्थोच्या ओपीडीत दाखवा. स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर) सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे साफ आहे' एवढ्यावर परत धावू नका.

*ताप येऊन गेला.* ताप असताना अजिबात व्यायाम नको. डेंग्यू झाला असेल तर बऱ्या झाल्यावरही काही आठवडे अशक्तपणा राहतो. चालण्यापासून सुरुवात करा.

*सहा आठवडे झाले, दम वाढतच नाही.* विशेषतः मुलींनी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. सकाळी फक्त चहा-पाव खाऊन राउंडला जाणाऱ्यांनी आधी तो नाश्ता बदलावा: पातळ भाजी, एखादं अंडं, मूठभर भिजवलेले चणे.

*प्रगती कळत नाही, मन लागत नाही.* फिजिऑलॉजीच्या प्रयोगशाळेत हार्वर्ड स्टेप टेस्ट केली होती ना? तिचं घरगुती रूप करा. एकच पायरी, एकच ताल, तीन मिनिटं चढ-उतार. नंतर बसून बरोबर एका मिनिटाने नाडी मोजा आणि लिहून ठेवा. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, चहाच्या आधी. तुलना फक्त स्वतःच्या जुन्या आकड्याशी.

*पोस्टिंगमुळे तीन आठवडे काहीच झालं नाही.* सुटलेलं भरून काढायला जाऊ नका. पहिला आठवडा आधीच्या निम्म्या अंतराने आणि निम्म्या फेऱ्यांनी काढा, दुसरा पाऊण. आणि पुढची पोस्टिंग कम्युनिटी मेडिसिनची असेल, मंडूरच्या ग्रामीण आरोग्य केंद्रावर जायचं असेल, तर मोठं माप परत सुरू करायला याहून चांगले आठवडे मिळणार नाहीत. संध्याकाळ मोकळी असते, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेताच्या) बांधांकडे जाणारे रस्ते सपाट आहेत आणि वारा असतो. बूट पहिल्याच दिवशी बॅगेत भरा.