प्लगचे आटे गेले? मग हेड घालवणाऱ्या या चुका टाळा

"मिस्त्री, प्लग नुसता फिरतोय, घट्टच हुईना." गाडी ढकलत आणलेला माणूस असं बोलला की मी आधी एकच विचारतो, "आतापर्यंत किती जणांनी हात लावलाय?" आटे एकदाच जातात, हेड जातं ते नंतरच्या दुरुस्त्यांत. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्यातच स्पार्क प्लग बसतो. नुसते आटे गेलेलं ॲल्युमिनियमचं हेड बहुतेक वेळा वाचतं. पण तिघांनी तीन प्रयोग करून ठेवले असतील, तर नवे आटे पाडायला भोकाभोवती धातूच शिल्लक नसतो.

सांगलीत हा प्रकार मी सगळ्यात जास्त बघितला २०१९ च्या महापुरानंतर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, मारुती चौकात गाड्या बुडालेल्या. पाणी उतरल्यावर जो तो प्लग खोलून इंजिनातलं पाणी काढायच्या मागे. प्लगच्या खड्ड्यात नदीचा गाळ तसाच. तो न काढता पाना लावला की वाळूचा कण आट्यात शिरतो आणि प्लग बाहेर येताना मऊ ॲल्युमिनियम खरवडून आणतो. काढलेल्या प्लगच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखं काही गुंडाळलेलं दिसलं तर ती घाण समजून पुसू नका. ते तुमच्या हेडचे आटे आहेत.

म्हणून खड्ड्यात आधी हवा मारा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या, आणि प्लग अडला तर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास चहा प्या. मग पाव फेरा सोडायचा, परत थोडा आवळायचा, परत सोडायचा. गरम हेडवर प्लग काढायची घाई करू नका, गरम ॲल्युमिनियम आणखी मऊ असतं.

पान्याने सुरुवात

नवा प्लग बसवताना पहिले तीन-चार फेरे पान्याने द्यायचेच नाहीत. मी पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा ठेवलाय. तो प्लगच्या चिनी मातीच्या टोकावर चढवायचा, प्लग भोकात टेकवायचा आणि आधी उलटा फिरवायचा. आट्याचं तोंड आट्याला भेटलं की बारीकसा धक्का बसतो, बोटांना कळतो. मग सुलटा. प्लग तिरका लागला तर नळीच प्लगवर घसरते, आटे वाचतात. पाना घसरत नाही, तो आटे कापतच जातो.

शेवटचा जोरही मोजका. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना प्लग १० मिमीचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी. त्याला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. १४ मिमीच्या प्लगला २५ ते ३०. टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, नसेल तर हाताने टेकेपर्यंत, पुढे नव्या वॉशरला साधारण अर्धा फेरा. जुन्या प्लगचा वॉशर आधीच चेपलेला असतो, त्याला अर्धा फेरा दिलात तर जास्त होतो.

"एक साइज मोठा मारून देतो"

या वाक्याला हो म्हणू नका. १० चं भोक १२ चं करून १२ चा प्लग घालतात. गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश. पण त्या प्लगची हीट रेंज (उष्णता बाहेर टाकायची क्षमता) वेगळी, आट्यांची लांबी वेगळी. १२.७ मिमी लांबीच्या जागी १९ चा घातला तर टोक आत लोंबतं, पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतं. उघड्या राहिलेल्या आट्यांवर कार्बन जमतो, आणि पुढच्या वेळी तो प्लग बाहेर येताना पुन्हा आटे ओढून आणतो.

खरा उपाय हेलिकॉइल किंवा कॉलरचा बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली धातूची नळी. हेलिकॉइल म्हणजे स्टीलच्या तारेची स्प्रिंग. बाहेरून मोठ्या आट्यात बसते, आतून मूळ मापाचे आटे देते. पण तिचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, साध्या टॅप सेटमधला चालत नाही, किटमधलाच लागतो. पिच मूळचीच, व्यास मोठा. ड्रिलही ठरलेलं: सहा मिमीच्या बोल्टला ६.३, आठच्याला ८.४. इथे "जवळपासचं" ड्रिल घेतलं की कॉइल बोल्टाबरोबर बाहेर.

टॅप मारताना खाचांत ग्रीस भरा, कीस त्याला चिकटतो. ॲल्युमिनियमला रॉकेल उत्तम. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, आणि मधूनमधून टॅप काढून पुसायचा. कॉइल तोंडापासून पाव ते अर्धा फेरा आत बसली पाहिजे. दुसरं टोक ज्वलनकक्षात डोकावत असेल तर ते तापून लाल होतं आणि स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटवतं. कॉइलची शेपटी तोडताना ती सिलिंडरमध्ये पडता कामा नये. एका सिलिंडरच्या गाडीला मी तर हेड उतरवूनच हे काम करतो. गॅस्केटचा खर्च वाढतो म्हणून लोक कुरकुरतात, त्यांना कुरकुरू द्यावं.

द्राक्षछाटणीनंतर तासगावकडचे बागायतदार फवारणीच्या पंपाचं इंजिन घेऊन येतात, "उद्या सकाळी औषध मारायचंय" म्हणत. तिथे बहुतेक कव्हरचे सहाचे बोल्ट गेलेले असतात. दहा नंबरच्या पान्याने आवळतात म्हणून अनेकांना तो बोल्टच दहाचा वाटतो. माप बोल्टाच्या दांड्याचं घ्यायचं, डोक्याचं नाही.

ड्रेन बोल्टची गोष्ट वेगळी

ड्रेन बोल्ट म्हणजे इंजिनाच्या तळाचा, ऑइल काढायचा बोल्ट. इथे आटे जाण्याचं मूळ बहुतेक वेळा वॉशरमध्ये असतं. ऑइल बदलताना जुनाच चेपका वॉशर परत घालतात, थेंब गळतो, मग पाना लावून अजून आवळतात, परत गळतो, परत आवळतात. दोन-तीन ऑइलिंगमध्ये आटे निकामी. वॉशर काही रुपयांचा. आटे गेल्यावर टेफलॉन टेप किंवा एम-सीलसारखी पुट्टी लावून बोल्ट चिकटवणाऱ्यांनी पुढचं ऑइल कुठून काढायचं ते आधी ठरवावं. भोकाभोवतीचा भाग चिरला नसेल तर बुश बसतो. चिरला असेल तर आर्गन वेल्डिंग, पण ऑइल मुरलेल्या ओतीव ॲल्युमिनियमवर वेल्डिंग फुगे धरतं. त्यामुळे चेंबर (बोल्ट बसतो तो ऑइलचा भाग) सुटा करून, गरम करून, आतलं ऑइल काढूनच द्यायचा.

आणि टॅप आतच मोडला तर? पंच आणि हातोडी खाली ठेवा. हायस्पीड स्टीलच्या कडक टॅपवर साधं ड्रिल चालत नाही, ते सरकून शेजारचं ॲल्युमिनियम खातं. हेड सुटं करून स्पार्क इरोजन मशीन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं) असलेल्या कारखान्यात द्या. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत चौकशी करा. तिथे टॅप जाळून काढतात आणि भोक तसंच राहतं.