बीटा पोस्टग्रेस जुन्याच्या शेजारी बसवण्याआधी: तयारीची यादी

पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरच्या नव्या मोठ्या आवृत्तीची पहिली बीटा, म्हणजे पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती, साधारण मे महिन्यात येते आणि पक्की आवृत्ती सप्टेंबरच्या शेवटी. १७ आली २६ सप्टेंबर २०२४ ला, १८ आली २५ सप्टेंबर २०२५ ला. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे वेळापत्रक सोयीचं आहे: निर्यातीचा हंगाम एप्रिलपर्यंत आटोपतो, पॅकहाउसच्या नोंदी थंडावतात आणि फळछाटणीची धावपळ सुरू होईपर्यंत बीटा तपासायला मोकळे महिने मिळतात. कांद्याच्या आडतीचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना ती उसंत नाही. उन्हाळ कांदा चाळीतून बाजारात येतच राहतो, त्यामुळे त्यांनी सगळी कामं लिलाव आणि हिशोबपट्ट्या उरकल्यानंतर, संध्याकाळीच धरावीत.

इथे जुनी आवृत्ती १४ आणि नवी १९ची बीटा धरली आहे, मशीनवर उबुंटू २२.०४. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि गंगापूर रोडच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांत ही जोडी सहज सापडते, कारण २२.०४ सोबत १४ च येते. १४ ला नोव्हेंबर २०२६ नंतर दुरुस्त्या मिळणार नाहीत, म्हणून आज ना उद्या हलायचंच आहे. तुमचे आकडे वेगळे असतील तर बदलून वाचा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, म्हणजे पुढची यादी पाठ करावी लागत नाही. डेबियन-उबुंटूवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या डिस्कवर एकमेकींना शिवत नाहीत: प्रोग्राम, डेटा आणि सेटिंग्ज, तिन्हींच्या फोल्डरांत आवृत्तीचा आकडा असतो. वाटण्या झालेल्या भावांसारखं आहे हे. घरं वेगळी, विहीर एकच. कटकट होते ती आकडा नसलेल्या, सामाईक गोष्टींवरून. पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो), मेमरी, लिबपीक्यू ही पोस्टग्रेसशी बोलण्यासाठी प्रोग्राम वापरतात ती लायब्ररी, बॅकअपची जागा आणि कुणीतरी लिहून विसरलेल्या, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या क्रॉनमधल्या स्क्रिप्ट. तयारी म्हणजे मुख्यतः या पाच ठिकाणी कुंपण घालणं.

सुरुवात बॅकअपपासून, आणि नुसता बॅकअप घेऊन भागत नाही. १४ चा ताजा डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत, दुसऱ्या मशीनवर चढवून बघा, चार मोठ्या टेबलांच्या ओळी मोजा, रकमेच्या रकान्यांची बेरीज ताडून पाहा. हे जमेपर्यंत बीटाचं पॅकेज उतरवूही नये. मग डिस्क. डेटाबेस ४० जीबीचा असेल तर नव्या प्रतीला तेवढीच जागा, वर डंप फाइल, वर इंडेक्स बांधतानाच्या तात्पुरत्या फायली. १०० जीबी मोकळी असल्याशिवाय हात घालू नका. जमलं तर नवा क्लस्टर (सर्व्हरची स्वतःचा डेटा, सेटिंग्ज आणि पोर्ट असलेली एक मांडणी) वेगळ्या पार्टिशनवर ठेवा. चाचणीत डिस्क भरलीच तर चालू कारभार थांबणार नाही.

पॅकेजच्या बाबतीत दोन सापळे आहेत. पहिला असा: पोस्टग्रेसची स्वतःची ऍप्ट रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून उतरतात तो साठा) जोडली आणि सवयीने ‘ऍप्ट अपग्रेड’ मारलं, तर मशीनवर ‘पोस्टग्रेसक्यूएल’ हे आकडा नसलेलं मेटापॅकेज (दुसरी पॅकेजं ओढून आणण्यापुरतंच पॅकेज) असल्यास ते त्या वेळची सर्वांत नवी पक्की आवृत्ती ओढून आणतं. मग १४ आणि १९ च्या मध्ये १८ चा एक अनाहूत क्लस्टर ५४३३ पोर्टवर येऊन बसतो. मेटापॅकेज आधी काढून टाका, आकड्यासकट असलेलं पॅकेजच ठेवा, आणि सरसकट अपग्रेड टाळा. १४ ची पॅकेजंही उबुंटूऐवजी या रिपॉझिटरीतून येऊ लागतात आणि त्या ओघात चालू सर्व्हर रीस्टार्ट होऊ शकतो.

दुसरा सापळा लिबपीक्यू५, म्हणजे वरच्या लिबपीक्यूचं पॅकेज. बीटाची पॅकेजं दिसण्यासाठी रिपॉझिटरीच्या ओळीत ‘मेन’ नंतर १९ हा आकडा जोडावा लागतो. १९ चा क्लायंट आपल्यासोबत नवी लिबपीक्यू५ आणतो आणि ती संपूर्ण मशीनसाठी एकच असते. म्हणजे पायथनचं सायकोपीजी, पीएचपीचं मॉड्यूल, ओडीबीसी ड्रायव्हर, सगळे दुसऱ्या दिवसापासून बीटा लायब्ररीवर. सहसा काही बिघडत नाही, पण ‘सहसा’वर पट्ट्या छापता येत नाहीत. म्हणून ऍप्ट-गेटला ‘-एस’ देऊन आधी कोरडी तालीम घ्या आणि काय बदलणार ती यादी ओळ न ओळ वाचा. लिबपीक्यू५ बदललेली चालणार नसेल, तर बीटा त्या मशीनवर बसवूच नका, डॉकरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या कंटेनरमध्ये, घ्या.

डॉकरच्याही तीन गाठी आहेत. १८ पासून अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरचा तयार साचा) डेटा टिकवणारा व्हॉल्यूम जोडायची जागा बदलली. आधी ती शेवटी ‘डेटा’ असलेल्या फोल्डरवर होती, आता एक पायरी वर आहे. जुन्या कंपोज फाइलची (कंटेनरच्या सेटिंगची) नक्कल केली तर कंटेनर सुरू होत नाही किंवा डेटा भलतीकडे जातो. पोर्ट देताना त्याच्या आधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हेच मशीन) लिहा, कारण डॉकर स्वतःचे नियम फायरवॉलच्या आधी लावतो आणि यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूच्या फायरवॉलमध्ये) बंद केलेलं पोर्टही बाहेर उघडं राहतं. शेअर्ड मेमरी मूळची ६४ एमबी असते. मोठी समांतर क्वेरी तिथेच कोसळते आणि दोष बीटावर येतो. १ जीबी द्या.

थेट मशीनवरच बसवायचं असेल तर पॅकेज टाकण्यापूर्वी पोस्टग्रेसक्यूएल-कॉमनच्या क्रिएटक्लस्टर सेटिंग फाइलमध्ये ‘क्रिएट_मेन_क्लस्टर’ बंद करा. नाहीतर पॅकेज बसताच ‘मेन’ नावाचा क्लस्टर आपोआप तयार होतो आणि चालूही होतो. क्लस्टर पीजी_क्रिएटक्लस्टरने स्वतः बनवा: नाव ‘मेन’ नको, ‘टेस्ट’ ठेवा, आणि पोर्ट हाताने द्या, समजा ५४३९. सुरू होण्याची पद्धत ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’ करा. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की वीज जाते, यूपीएस दम तोडतो आणि मशीन पहाटे आपसूक उठतं. त्या वेळी फक्त १४ उठायला हवी. ह्यूज पेजेस (मेमरीची राखून ठेवलेली मोठी पानं) वापरत असाल तर हे अधिकच महत्त्वाचं. पानं १४ पुरतीच मोजून ठेवलेली असतात. १९ आधी उठून ती घेऊन बसली आणि १४ मध्ये ‘ह्यूज_पेजेस’ सक्तीने ‘ऑन’ असेल, तर १४ सुरूच होणार नाही.

आता सेटिंग्ज. जुनी पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ उचलून नव्या फोल्डरात टाकायचा मोह टाळावा. मधल्या आवृत्त्यांत काही नावं कायमची गेली आहेत: ‘स्टॅट्स_टेम्प_डिरेक्टरी’ १५ मध्ये, ‘व्हॅक्यूम_डिफर_क्लीनअप_एज’ १६ मध्ये, ‘ओल्ड_स्नॅपशॉट_थ्रेशोल्ड’ १७ मध्ये. यातलं एकही शिल्लक राहिलं तर सर्व्हर अनोळखी सेटिंग म्हणून उठायला नकार देतो. ते एक वेळ परवडलं, कारण लगेच कळतं. न कळणारी चूक ‘आर्काइव्ह_कमांड’ची, म्हणजे बदलांच्या नोंदी बॅकअपला पाठवणाऱ्या ओळीची. जुनी ओळ तशीच आली तर बीटा आपले वॉल सेगमेंट (बदलांच्या नोंदीच्या फायली) १४ च्याच बॅकअप फोल्डरात टाकू लागते. नव्या क्लस्टरची फाइलनावं सुरुवातीच्या क्रमांकापासून जातात, १४ ची तेव्हाची नावं तिथे असतील तर झगडा, आणि कमांडमध्ये ‘असेल तर थांब’ अशी तपासणी नसेल तर जुनी फाइल चक्क पुसली जाते. त्या साखळीतून पुन्हा डेटाबेस उभा राहत नाही, आणि हे कळतं गरज पडते त्या दिवशी. बीटामध्ये आर्काइव्हिंग बंदच ठेवा.

मेमरीचं गणित सोपं आहे. १६ जीबीच्या मशीनवर १४ ला ४ जीबी शेअर्ड बफर्स (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) असतील तर बीटाला ५१२ एमबी ते १ जीबी पुरे, कनेक्शन २०. मात्र क्वेरीचे प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचे सर्व्हरच्या प्लॅनरने केलेले आराखडे) ताडायचे असतील तर ‘वर्क_मेम’, ‘रँडम_पेज_कॉस्ट’ आणि ‘इफेक्टिव्ह_कॅश_साइज’ दोन्हीकडे सारखे ठेवा. प्लॅनर यांवर जातो. वेळेची तुलना अशा मशीनवर करू नका, ती खोटी निघते.

क्रॉनमधली प्रत्येक स्क्रिप्ट उघडून पाहा. पोर्ट लिहिलेलं नसेल तर आज लिहा. पीजीपास या साठवलेल्या पासवर्डच्या फाइलमध्ये पोर्टच्या जागी तारा (*) असेल तर तीच ओळ ५४३९ लाही लागू पडते आणि चुकीच्या सर्व्हरवर गेलेली स्क्रिप्ट तक्रार न करता आत शिरते. तिथे ५४३२ लिहा. बीटाचं ‘लिसन_ऍड्रेसेस’ लोकलहोस्टवरच ठेवा.

एक्स्टेन्शनची (पोस्टग्रेसला जोडायच्या जादा सुविधांची) यादी दोन्ही बाजूंनी काढावी लागते. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्ससारखी सोबत येणारी ठीक. पोस्टजीआयएस (नकाशांच्या डेटासाठी), पीजी_क्रॉन यांचं १९ साठीचं पॅकेज बीटाच्या काळात असेलच असं नाही. स्वतः बांधणार असाल तर १९ चं सर्व्हर-डेव्ह पॅकेज घ्या आणि मेकला १९ च्याच पीजी_कॉन्फिगचा पूर्ण मार्ग द्या, नाहीतर १४ साठीची फाइल बनून १४ च्याच फोल्डरात जाते. प्लॉटचे नकाशे ठेवणाऱ्या द्राक्षवाल्यांनी पोस्टजीआयएस मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

डेटा नेताना डंप १९ च्या पीजी_डंपने घ्या, १४ च्या नाही. नवा पीजी_डंप जुन्या सर्व्हरशी बोलतो, जुना नव्याशी बोलायला साफ नकार देतो. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक, आधार, मोबाइल बीटामध्ये जाण्याआधी बदला; २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा चाचणीच्या प्रतीला वेगळी सवलत देत नाही. डेटा चढला की लगेच ऍनलाइझ (प्लॅनरसाठी आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवा. लॉगिनं नेताना पाहा की किती रोलचे (डेटाबेसमधल्या खात्यांचे) साठवलेले पासवर्ड अजून जुन्या पद्धतीच्या ‘एमडी५’ने सुरू होतात. १३ किंवा त्याआधीपासून चालत आलेल्या डेटाबेसात ते बहुधा असतात, आणि प्रवेशाचे नियम असलेल्या एचबीए फाइलमध्ये ‘स्क्रॅम’ ही नवी पद्धत असेल तर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. पासवर्ड पुन्हा एकदा बसवला की प्रश्न मिटतो. जावाचा ड्रायव्हर ४२.२.० पेक्षा जुना असेल तर मात्र तोच बदलावा लागेल.

आणखी एक बदल कोऱ्या डेटाबेसवर हमखास आडवा येतो. १५ पासून नव्या डेटाबेसात ‘पब्लिक’ स्कीमामध्ये (टेबलं ठेवायच्या मूळ कप्प्यात) टेबल बनवायची मुभा सगळ्यांना नसते. डंपमधून आलेल्या डेटाबेसात जुन्या परवानग्या टिकतात, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसतं. तेच ऍप्लिकेशन कोऱ्या डेटाबेसवर पहिल्या टेबललाच अडतं. दोन्ही प्रकारे चालवून पाहा.

पीजी_अपग्रेडची (डंपशिवाय जुना क्लस्टर नव्या आवृत्तीवर नेणाऱ्या साधनाची) तालीम घ्यायची असेल तर ‘चेक’ पर्यायानेच सुरुवात करा. १८ पासून नवा क्लस्टर चेकसम (डेटा बिघडला तर पकडणारे ताळ्याचे आकडे) चालू ठेवूनच बनतो. १४ मध्ये ते सहसा बंद असतात, आणि दोन्ही जुळले नाहीत तर काम पुढे सरकत नाही. तालमीचा क्लस्टर ‘नो-डेटा-चेकसम्स’ देऊन बनवा. ‘लिंक’ पर्यायाला चाचणीत हातही लावू नये: दोन्ही क्लस्टर त्याच फायली वापरतात आणि १९ एकदा सुरू झाली की १४ कडे परतीची वाट बंद.

लॉजिकल रेप्लिकेशनने (एका सर्व्हरवरचे बदल सतत दुसऱ्याला पाठवून) बीटाला ताजा डेटा पाजायचा विचार असेल तर स्लॉटचं, म्हणजे पाठवणं कुठवर आलं ते १४ वर टिपणाऱ्या नोंदीचं, भान ठेवा. बीटा बंद पडली किंवा पुसली तरी स्लॉट १४ वर जिवंत राहतो आणि तिच्यासाठी वॉल साठवत बसतो, डिस्क भरेपर्यंत. शेजारची बीटा चालू सर्व्हरला मारते ती बहुधा याच वाटेने. ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज’ला आधीच मर्यादा घाला, समजा १० जीबी.

तपासायचं काय? एका मिटलेल्या बाजारदिवसाची सगळी आवक दोन्हीकडून पुन्हा चालवा: वजन, भाव, हमाली, तोलाई, आडत, निव्वळ रक्कम. पैशापर्यंत जुळलं पाहिजे. मग मराठी नावांचा क्रम. वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’ नंतर, पण ‘सी’ कोलेशन (क्रम लावायची एक पद्धत) युनिकोडच्या क्रमाने जातं आणि ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच नंतर बसवतं, ‘क्ष’ची नावं ‘कौ’च्याही नंतर, पण ‘क’च्या घरातच राहतात. गावांची यादी दोन्हीकडून काढून फायली डिफने (फरक दाखवणाऱ्या कमांडने) ताडा. ‘शेतकऱ्याचा’मधला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात ‘र’नंतर अदृश्य जोडचिन्ह, पडद्यावर फरक दिसत नाही, शोधात मात्र नाव सापडत नाही. ते आवृत्तीचं पाप नाही, आधीपासूनच तसं साठलेलं असतं.

विंडोजवाल्यांचं थोडक्यात: इन्स्टॉलर पोर्ट विचारतो तेव्हा ५४३२ नाही ना ते पाहा, बीटाची सर्व्हिस ‘मॅन्युअल’ करा, आणि पाथमध्ये १४ चा बिन फोल्डर आधी आहे याची खात्री करा.

बीटा १ वरून बीटा २ वर जाताना कॅटलॉग आवृत्ती (डेटाच्या अंतर्गत मांडणीचा क्रमांक) बदललेली असू शकते. तसं असेल तर नवा सर्व्हर जुना डेटा फोल्डर उघडत नाही, ‘डेटाबेस फायली विसंगत’ म्हणून थांबतो. डंप हाताशी असू द्या आणि क्लस्टर पुन्हा बनवायची तयारी ठेवा. बीटामध्येच जन्मलेला, दुसरीकडे कुठेच नसलेला डेटा त्यात राहू देऊ नका.

काढून टाकताना आधी १४ वरचा स्लॉट पुसा. मग पीजी_एलएसक्लस्टर्स चालवून आवृत्ती, नाव आणि पोर्ट डोळ्यांनी वाचा, आणि त्यानंतरच पीजी_ड्रॉपक्लस्टर लिहा. ही कमांड खातरजमा न विचारता पूर्ण डेटा फोल्डर उडवते. १९ची पॅकेजं पर्ज करा, रिपॉझिटरीच्या ओळीतला १९ काढा आणि लिबपीक्यू५ पक्क्या आवृत्तीवर परत आणा. ती आपोआप खाली येत नाही, आवृत्ती स्पष्ट लिहून बसवावी लागते. त्यानंतर ऍप्लिकेशन एकदा रीस्टार्ट करून लॉगिन आणि एक छपाई तपासा.